नव्वद टक्के कुणाचे?

कुठला सिनेमा बघायचा हे ठरवायला आपल्या तरुणांना आता माणूस लागत नाही, आकडा लागतो. रॉटन टोमॅटोजवर किती टक्के, मेटाक्रिटिकवर शंभरपैकी किती, आयएमडीबीवर दहापैकी किती, एवढं मोबाईलवर बघितलं की निकाल लागला. आमच्या अभ्यासिकेत महिन्यातून एकदा प्रोजेक्टर लावून सिनेमा दाखवला जातो. तिथेही एखादं नाव सुचवलं की चर्चेच्या आधी प्रश्न येतो, "ताई, रेटिंग किती आहे?" साडेसहा म्हटलं की अर्धी पोरं उठायच्या तयारीत.

पोरांना मी नावं ठेवत नाही. मल्टिप्लेक्सचं तिकीट, जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि मध्यंतरातले पॉपकॉर्न धरले तर चार जणांच्या सिनेमात घरचा आठवड्याचा किराणा येतो. दिवसभर पार्सल पोहोचवून आलेल्या मुलाने तीन तास कशावर घालवायचे याचा आधी अंदाज घेतला तर त्यात गैर काय? मी स्वतः हॉलिवूडचा एखादा थरारपट लावण्याआधी टोमॅटोमीटर बघते आणि बहुतेक वेळा तो फसवत नाही. पण जातीला हात घालणारा सिनेमा आला की हाच आकडा आपली दिशाभूल करतो. ती दिशाभूल कुणा एका समीक्षकाच्या खोडसाळपणामुळे होत नाही. हा आकडा ज्या पद्धतीने तयार होतो त्या पद्धतीतच ती आहे. म्हणून आधी पद्धत समजून घेऊ.

रॉटन टोमॅटोज ही वेबसाइट १९९८ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या टोमॅटोमीटरवर ९० टक्के दिसले की आपण समजतो, सिनेमाला शंभरपैकी ९० गुण मिळाले. तसं नाही. वेबसाइटने मान्यता दिलेल्या समीक्षकांपैकी ९० टक्के लोकांचं परीक्षण एकूणात अनुकूल आहे, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक परीक्षणाला दोनच कप्पे असतात, अनुकूल किंवा प्रतिकूल. ६० टक्के किंवा त्याहून जास्त परीक्षणं अनुकूल असली की लाल टोमॅटो, ५९ वर आलं की हिरवा डाग.

आता कागदावर हिशोब मांडा. एका सिनेमाला शंभर समीक्षकांनी पाचपैकी तीन तारे दिले, 'ठीक आहे, एकदा बघायला हरकत नाही' अशा सुरात. त्याचा टोमॅटोमीटर भरतो १००. दुसऱ्या सिनेमाने साठ समीक्षकांना मुळापासून हलवलं, त्यांनी पाचपैकी पाच दिले. उरलेल्या चाळीस जणांना तो सहन झाला नाही, त्यांनी दीड तारा दिला. त्याचा टोमॅटोमीटर ६०. ताऱ्यांची सरासरी काढली तर दुसरा सिनेमा ३.६ वर आहे आणि पहिला ३ वर. पण पोस्टरवर छापला जातो तो टक्का, सरासरी नाही.

म्हणजे हा आकडा सिनेमाबद्दलचं एकमत मोजतो. कुणालाच फारसा न खुपणारा सिनेमा या मोजपट्टीवर वर चढतो आणि बघणाऱ्यांत फूट पाडणारा खाली येतो. आता सांगा, या देशात जातीबद्दल खरं बोलणारा सिनेमा बघणाऱ्यांत फूट पाडणार नाही तर काय करणार?

'फँड्री' आठवा. नागराज मंजुळे यांचा २०१३ चा सिनेमा. शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, जोतिबा, सावित्रीमाई यांची चित्रं आहेत आणि त्या भिंतीसमोरून जब्याच्या घरचे डुक्कर लादून चालले आहेत. राष्ट्रगीत सुरू होतं तेव्हा हाताशी आलेलं डुक्कर सोडून ते जागच्या जागी उभे राहतात. आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो तो पडद्याबाहेर, थेट बघणाऱ्याच्या दिशेने. ज्या सिनेमाचा शेवटचा दगड प्रेक्षकावरच येतो त्याचं यश, किती प्रेक्षक सुखावले यावरून कसं काढायचं? 'फँड्री'चं कौतुक भरपूर झालं, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण त्या कौतुकात खेड्यातली निरागस प्रेमकथा बघून हळवे झालेले होते आणि दगड कपाळावर लागलेलेही होते. आकड्यासाठी दोघंही सारखेच, दोघंही 'अनुकूल'.

कुणी म्हणेल, मग 'कोर्ट'चं काय? प्रश्न रास्त आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या या सिनेमाला २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पुरस्कार मिळाले, नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारताकडून तो ऑस्करला पाठवला गेला. परदेशी समीक्षकांनी त्याला जवळजवळ एकमुखाने उचलून धरलं. इथे आकडा आणि आपलं मत जुळतं. तरीही तो आकडा काय सांगतो ते बघा. त्या बहुतेक परीक्षणांत कौतुक आहे ते आपल्या न्यायव्यवस्थेच्या संथ, हास्यास्पद कारभाराचं, कॅमेऱ्याच्या संयमाचं, दिग्दर्शकाच्या थंडपणाचं. सगळं खरंच आहे. पण लोकशाहीर नारायण कांबळेच्या भूमिकेत वीरा साथीदार उभे राहतात तेव्हा नागपुरातल्या माणसाला काय दिसतं? अभिनय करणारा कार्यकर्ता नाही दिसत, आपला वीरादादा दिसतो. 'विद्रोही'चा संपादक, सभेत शेवटच्या रांगेत उभा राहणारा माणूस, जो २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेला. गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप एका शाहिरावर ठेवला जातो, हे बघताना आपल्याला रमाबाई नगर आठवतं, विलास घोगरे आठवतो. न्यूयॉर्कच्या समीक्षकाला ते आठवावं अशी माझी अपेक्षाही नाही. मुद्दा इतकाच, की तो आणि आपण एकाच सिनेमाला 'हो' म्हणतो तेव्हाही दोन वेगळे सिनेमे बघितलेले असतात, आणि टक्क्याला ते कळत नाही.

याच्या उलट बाजूला 'आर्टिकल १५' ठेवा. २०१९ मध्ये मुख्य प्रवाहातल्या समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. धाडसी, आवश्यक, डोळ्यांत अंजन घालणारा, ही सगळी विशेषणं तेव्हा वाचली. अनुभव सिन्हांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण कथा कुणाची आहे? दिल्लीत शिकलेला ब्राह्मण आयपीएस अधिकारी उत्तर प्रदेशात येतो, त्याला जात म्हणजे काय ते पहिल्यांदा कळतं, तो हादरतो, तो शिकतो, तो दलदलीत उतरतो. दलितांचं संघटन करणारा निषाद मात्र मध्येच मारला जातो. आपल्या चळवळीतल्या कितीतरी लोकांनी तेव्हाच विचारलं होतं, आमच्या मुलींच्या मरणातून धडा शिकायचा तो तुमच्या साहेबाने का? ही टीका टोमॅटोमीटरच्या कुठल्या कप्प्यात टाकायची? सिनेमा वाईट होता असं नाही. तो चांगला बनवलेला होता आणि चांगला बनवलेला असूनच त्याने आपल्याला आपल्याच गोष्टीत बाजूला उभं केलं. असल्या वाक्याला 'अनुकूल' आणि 'प्रतिकूल' दोन्ही कप्पे लहान पडतात.

आणि 'झुंड'. २०२२ मध्ये आलेल्या या सिनेमाबद्दल परीक्षणांमधली नेहमीची तक्रार होती लांबीची. तीन तास, कथा रेंगाळते, कात्री लावायला हवी होती. कात्री कुठे लावायची? जयंतीचा प्रसंग काढायचा? वस्तीतली पोरं वर्गणी मागतात, बाबासाहेबांच्या भल्यामोठ्या प्रतिमेसमोर नाचतात, आणि अमिताभ बच्चन त्या प्रतिमेसमोर हात जोडून उभा राहतो. हिंदी सिनेमाच्या इतक्या वर्षांत असा प्रसंग किती वेळा आला? कथेच्या दृष्टीने तिथे 'काहीच घडत नाही', हे खरं आहे. आमच्या अभ्यासिकेत मात्र त्याच ठिकाणी पोरांनी शिट्ट्या मारल्या, एकाने तो प्रसंग परत लावायला सांगितला. ज्याला जयंती म्हणजे रस्त्यावरची वाहतूक कोंडी एवढीच माहीत आहे त्याला तो प्रसंग लांब वाटणारच. घड्याळ एकच असलं तरी कंटाळा प्रत्येकाला आपापल्या जागेवरून येतो, आणि समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला तरी यात नवल वाटायला नको.

म्हणून पहिला प्रश्न 'किती टक्के' हा नव्हेच. पहिला प्रश्न, हे टक्के कुणाचे?

अमेरिकेत तो प्रश्न विचारला गेला आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासगटाने २०१७ च्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या १०० सिनेमांची रॉटन टोमॅटोजवरची १९,५५९ परीक्षणं तपासली. ७७.८ टक्के परीक्षणं पुरुषांनी लिहिलेली होती, ८२ टक्के गोऱ्यांनी. २०१८ मध्ये हा अहवाल आला, बोंबाबोंब झाली आणि त्याच वर्षी वेबसाइटने मान्यतेचे नियम बदलून छोट्या ठिकाणी, स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या शेकडो नव्या समीक्षकांना दार उघडलं. लक्षात घ्या, मोजणी झाली म्हणून दार उघडलं. जातनिहाय जनगणनेची मागणी आपण का करतो, हे ज्यांना अजून कळत नाही त्यांना हे उदाहरण सांगावं.

आपल्याकडचे समीक्षक येतात कुठून? वर्तमानपत्रांतून, वाहिन्यांतून, मोठ्या वेबसाइटींतून. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीने २०१९ मध्ये या जागांची पाहणी केली तेव्हा नेतृत्वाच्या १२१ पदांपैकी १०६ पदांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती आणि जमातींचं एकही माणूस नव्हतं. अशा संपादकाने निवडलेला समीक्षक, त्याच्यासारखेच आणखी चाळीस, आणि त्या चाळिसांची बेरीज, याला आपण 'समीक्षकांचं मत' म्हणतो. चाळीस लोकांनी मत दिलं म्हणून ते चाळीस मतं होत नाहीत. एकाच गल्लीतल्या चाळीस खिडक्यांतून एकच रस्ता दिसतो.

बाबासाहेबांनी बहुमताबद्दल जे मांडलं ते इथे आठवल्याशिवाय राहवत नाही. १९४५ मध्ये मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात आणि नंतर १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी राजकीय बहुमत आणि जातीय बहुमत यांतला फरक सांगितला. राजकीय बहुमत विचारांवर बनतं, मोडतं, आजचे अल्पमतातले उद्या बहुमतात येऊ शकतात. जातीय बहुमत जन्माने ठरलेलं असतं, त्याची दारं बंद असतात. त्याला बहुमत म्हणून मान द्यायचा तर आधी ते कसं बनलं ते तपासावं लागतं. आता मला सांगा, एका सिनेमाला ९० टक्के मिळाले तेव्हा ते बहुमत यांतलं कुठलं? सिनेमाचा विषय एखादी अंतराळ सफर असेल तर कदाचित पहिलं. विषय जात असेल तर दुसरं असण्याची शक्यता फार मोठी.

मराठीत हा वाद आपण आधीच लढलेलो आहोत, फक्त तो साहित्याच्या मैदानावर होता. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चा, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा. त्या काळात दलित साहित्याबद्दल प्रस्थापित समीक्षकांचे शेरे काढून बघा. प्रचारकी, एकसुरी, आक्रस्ताळं, अनुभव आहे पण कलात्मक अंतर नाही. आणि आज जातविरोधी सिनेमाची परीक्षणं वाचा, शेरे तेच आहेत, फक्त इंग्रजीत. सौंदर्याची मोजपट्टी ज्यांच्या घरात तयार झाली त्यांच्या घराला ती बरोबर लागू पडते, हे सांगायला शरणकुमार लिंबाळे यांना १९९६ मध्ये 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' असं स्वतंत्र पुस्तक लिहावं लागलं. आपली पिढी ते पुस्तक नेट-सेटच्या अभ्यासापुरतं वाचते. सिनेमा बघताना पुन्हा उघडा.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. १९१५ चा 'बर्थ ऑफ अ नेशन' हा अमेरिकन सिनेमा काळ्या लोकांना राक्षस ठरवणारा आणि क्लू क्लक्स क्लॅनला तारणहार ठरवणारा. तो आला तेव्हा काळ्यांच्या संघटनेने, एनएएसीपीने, त्याविरुद्ध निदर्शनं केली. त्याच वर्षी मरगळलेली क्लॅन पुन्हा उभी राहिली. समीक्षकांच्या खात्यावर मात्र तो आजही वरच्या पंगतीत आहे, कारण संकलन, कारण छायाचित्रण, कारण तंत्राचा इतिहास. काळ्या दिग्दर्शकाने, ऑस्कर मिशोने, त्याला उत्तर म्हणावा असा 'विदिन आवर गेट्स' पडद्यावर आणला तो १९२० च्या जानेवारीत. हाच तो महिना, ज्याच्या शेवटच्या दिवशी मुंबईत 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. बाबासाहेबांना 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'त मिळाली नव्हती. दोन टोकांना दोन माणसं एकाच महिन्यात एकाच निष्कर्षाला आली होती, दुसऱ्याच्या छापखान्यातून आपला न्याय होत नसतो.

आता थोडं पैशाबद्दल, कारण आकडा फुकट मिळतो म्हणून त्यामागे व्यवहार नाही असं समजू नका. रॉटन टोमॅटोज ज्या कंपनीची आहे ती फँडँगो सिनेमाची तिकिटं विकते आणि तिच्यात हॉलिवूडच्या स्टुडिओंचीच भागीदारी राहिली आहे. आयएमडीबी १९९८ पासून अ‍ॅमेझॉनची आहे आणि अ‍ॅमेझॉन स्वतः सिनेमे दाखवते. आपल्याकडे तिकिटाच्या अ‍ॅपवर तिकिटाशेजारीच लोकांचं रेटिंग झळकतं. बाजार समितीत वजनकाटा आडत्याचाच असावा तसा हा प्रकार. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका नियतकालिकाने उघड केलं की एक प्रसिद्धी कंपनी छोट्या समीक्षकांना परीक्षणामागे ५० डॉलर किंवा जास्त देत होती. 'ओफेलिया' नावाच्या सिनेमाचा टोमॅटोमीटर मोजक्या आठ नव्या परीक्षणांनी ४६ वरून ६२ वर गेला, म्हणजे हिरव्या डागाचा लाल टोमॅटो झाला. मेटाक्रिटिकची तऱ्हा वेगळी. तिथे हो-नाहीऐवजी गुणांची सरासरी काढतात, त्या अर्थाने ती पद्धत बरी. पण कुठल्या समीक्षकाच्या मताला किती वजन, हे ते जाहीर करत नाहीत. वेटेज कुणाला आणि किती, हा प्रश्न आंबेडकरी माणसाला कुणी नव्याने शिकवायला नको.

सरासरीचं आणखी एक दुखणं आहे. ते कळायला नेटफ्लिक्सवरचा २०२१ चा 'अजीब दास्तान्स' बघा. चार लघुपटांचा हा संग्रह, चार दिग्दर्शक, आणि आकडा मात्र एकच. त्यात नीरज घायवानचा 'गीली पुच्ची' आहे. कारखान्यात मशीनवर काम करणारी दलित भारती मंडल, कोंकणा सेन शर्माने केलेली. हिशोबनीसाची जागा तिला हवी असते, ती तिच्या लायकीचीही असते, आणि ती मिळते प्रिया शर्माला. दोघींत ओढ निर्माण होते, आणि मग आडनाव मध्ये येतं. वेगळ्या पेल्यातल्या चहाचा त्यातला प्रसंग मी मुलींच्या वसतिगृहात दाखवला तेव्हा नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकीने तिच्या ऑफिसातल्या पाण्याच्या बाटलीची गोष्ट सांगितली, आणि त्या रात्री जेवणाची घंटा दोनदा द्यावी लागली. ही गोष्ट त्या एका आकड्यात बाकीच्या तिघांबरोबर पुरून टाकलेली आहे. सरासरी हे वर्णव्यवस्थेत वाढलेल्या समाजात मोठं सभ्य शस्त्र आहे. 'सरासरी' गावात पाणी असतं, आपल्या वस्तीत नसतं.

जे सिनेमे आकड्यापर्यंत पोहोचतच नाहीत त्यांचं तर विचारूच नका. टोमॅटोमीटर दिसायला ठरावीक संख्येने परीक्षणं लागतात. आपल्या मुलांनी दोन-चार लाखांत केलेल्या माहितीपटाला, जयंतीच्या मंडपात दाखवल्या जाणाऱ्या लघुपटाला तेवढे मान्यताप्राप्त समीक्षक कुठून मिळणार? आणि उलटही होतं. संध्या सुरी यांच्या 'संतोष'ची गोष्ट बघा. दलित मुलीच्या खुनाचा तपास, पोलिसांतली जात आणि बाईपण. २०२४ मध्ये कान महोत्सवात तो दाखवला गेला, ब्रिटनने तो ऑस्करला पाठवला, जगभरच्या समीक्षकांनी वाखाणला. भारतात सेन्सॉर बोर्डाने २०२५ मध्ये प्रदर्शन रोखलं. म्हणजे ज्या देशाची गोष्ट आहे तो देश सोडून सगळ्यांनी गुण दिले.

इथवर वाचून काही मित्र म्हणतील, मग समीक्षक सोडा, लोकांचं मत बघा, तिथे तर एक माणूस एक मत आहे. या भ्रमातही राहू नका. २०१८ मध्ये 'ब्लॅक पँथर' येण्याआधीच त्याचं प्रेक्षकांचं रेटिंग पाडायचा घाट फेसबुकवरच्या एका गटाने घातला होता. २०२२ मध्ये 'द काश्मीर फाइल्स'च्या पानावर आयएमडीबीला जाहीर सूचना लावावी लागली की मतदान नेहमीसारखं दिसत नाही, म्हणून गुण वेगळ्या पद्धतीने काढले आहेत. आयटी सेल ज्यांच्याकडे मोठा, त्यांची मतं जास्त.

आणि आता आपल्या घरातलं बोलते, कारण हा लेख खरं तर त्यासाठी आहे. २ नोव्हेंबर २०२१ ला 'जय भीम' आला आणि काही दिवसांत आयएमडीबीवर ९.६ वर पोहोचला, 'शॉशँक रिडम्प्शन'च्याही वर. तेव्हा आपल्या प्रत्येक ग्रुपवर तो स्क्रीनशॉट फिरला. अभिमान वाटणं साहजिक होतं, आपल्या अभिवादनाचे दोन शब्द जगाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते. पुढे तो आकडा खाली उतरला, उतरतोच. पण त्या आकड्याच्या गुलालात एक गोष्ट राहून गेली. सिनेमावर आपण बोललोच नाही. पोलीस कोठडीतल्या अत्याचारांना एवढा वेळ देणं योग्य होतं का? खऱ्या खटल्यातलं कुटुंब कुरवा समाजाचं आणि सिनेमात इरुलर, हा बदल का? सेंगेनीची लढाई होती की वकील चंद्रूची? नाव 'जय भीम' आणि बाबासाहेबांचा विचार त्यात नेमका कुठे? हे प्रश्न काही जणांनी विचारले तर त्यांना उत्तर मिळालं, "आपल्या सिनेमाला नावं ठेवू नका, आधी जाऊन दहा द्या."

'फुले'च्या वेळी पुन्हा तेच. २०२५ मध्ये जोतिरावांच्या जयंतीला, ११ एप्रिलला, येणारा सिनेमा ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपानंतर २५ एप्रिलवर गेला. सेन्सॉर बोर्डाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' या शब्दांवरच बोट ठेवलं होतं. यावर रस्त्यावर आणि कागदावर जेवढं बोलायला हवं होतं त्याहून जास्त ताकद आपण दहापैकी दहा देण्याच्या मेसेजवर खर्च केली. कापलेले शब्द रेटिंगमध्ये दिसत नाहीत, कापून उरलेल्या सिनेमालाच गुण मिळतात. आणि मतदानाच्या या युद्धात आपण कधी जिंकणार नाही, आपली संख्या तिथे नाही. जिंकलो तरी काय मिळणार? ज्या मोजपट्टीला आपण खोटी म्हणतो तिच्यावर आपला आकडा.

मग निवड कशी करायची, हा प्रश्न उरतोच. मी काय करते ते सांगते. आकडा बघते, पण तिथून खाली उतरून प्रतिकूल परीक्षणं आधी वाचते. तक्रार लांबीची, 'एकांगी'पणाची, 'संदेश फार ठळक' असल्याची असेल तर तो सिनेमा मी यादीत वर घेते. तक्रार अशी असेल की दलित पात्रं फक्त मार खाण्यापुरती आहेत, तर दोनदा विचार करते, मग टक्के ९५ असोत. दोन-तीन समीक्षक मी ठरवून वाचते. त्यातल्या एकाशी माझं जवळजवळ कधीच पटत नाही आणि त्याचाच उपयोग सगळ्यात जास्त होतो, कारण त्याला काय खुपतं हे मला पाठ झालं आहे. माणसाशी असं नातं जोडता येतं. बेरजेशी जोडता येत नाही. आणि खरं सांगायचं तर कितीतरी चांगले सिनेमे मला समीक्षकांमुळेच कळले. 'होमबाउंड'चं नाव परदेशातल्या परीक्षणांतून कानावर आलं नसतं तर आमच्या गावातल्या थिएटरमध्ये तो किती दिवस टिकतो याकडे मी लक्षही ठेवलं नसतं. समीक्षा हवीच आहे. ती कमी आहे म्हणून तर आकड्याचं फावतं.

मराठीत आंबेडकरी नजरेतून सिनेमावर नियमित लिहिणारे आपण बोटांवर मोजू. कथा-कवितेला आपल्याकडे समीक्षकांची फळी उभी राहिली, मासिकं निघाली, परिसंवाद झाले. सिनेमाला मात्र आपण स्टेटसपुरतं ठेवलं. एमए, एमफिल झालेली, नोकरीच्या जाहिरातीची वाट बघणारी शेकडो मुलं-मुली आपल्याकडे आहेत. त्यांनी महिन्याला एक सिनेमा घेतला आणि त्यावर पाचशे शब्द लिहिले तर वर्षभरात काय जमेल, याचा हिशोब टोमॅटोमीटरपेक्षा सोपा आहे.

'दहापैकी दहा द्या' असा मेसेज आला की मी हल्ली एकच उत्तर पाठवते, "कुठला प्रसंग लक्षात राहिला आणि का, ते चार ओळींत लिहून पाठव." आतापर्यंत अकरा जणांनी लिहून पाठवलं आहे. त्यातल्या तिघांना सिनेमा आवडलाच नव्हता, आणि सगळ्यात चांगलं त्याच तिघांनी लिहिलं आहे. पुढच्या महिन्यापासून ती टिपणं अभ्यासिकेच्या फळ्यावर लावणार आहोत.